च ची भाषा, एईएस आणि मामाचा ओटीपी

लहानपणी पंचवटीत आम्ही भावंडं च च्या भाषेत बोलायचो, "चलाम चळलंक" (म्हणजे "मला कळलं") वगैरे, वाटायचं मोठ्यांना काय कळतंय. आजीने दोन दिवसांत पकडलं. कारण पद्धत हेच गुपित होतं, ते फुटलं की खेळ खल्लास. आज माहिती कुलूपबंद करायला, म्हणजे एन्क्रिप्शनला, जी एईएस पद्धत वापरतात तिचं उलटंय, २००१ पासून ती जगजाहीर आहे, गुपित फक्त किल्ली, आणि ती २५६ बिटची (म्हणजे शून्य-एकच्या २५६ अंकांची) असेल तर एकेक किल्ली लावून बघायचं विसराच. त्याआधीच्या डीईएस पद्धतीची किल्ली ५६ बिटचीच होती, १९९८ मध्ये खास मशीन बनवून ५६ तासांत फोडली.

पण एकच किल्ली दोघांकडे पोचवायची कशी? तिथे आरएसए नावाच्या पद्धतीसारखी किल्ल्यांची जोडी लागते, एक किल्ली जगाला वाटा, एक स्वतःकडे, म्हणजे कुलूप कोणीही लावा, उघडणार मीच.

चोर मात्र एवढं गणित करत बसत नाही हो. सिडकोतल्या मामाला व्हॉट्सॲपवर वीजबिल थकल्याचा मेसेज आला, सोबत एपीके फाइल (म्हणजे ॲप बसवायची फाइल), याने ती फोनमध्ये टाकली, वर एसएमएसची परवानगीही दिली आणि ओटीपी थेट चोराकडे. मला विचारतो, व्हॉट्सॲप एन्क्रिप्टेड असतं ना मग कसं? अरे मामा, एन्क्रिप्शन वाटेत असतं, तुझ्या फोनमध्ये मेसेज उघडाच असतो आणि चोर तिथेच बसलाय!

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन केला म्हणून थोडे पैसे अडवता आले. मग फोन साफ करून चॅट बॅकअपलाही पासवर्ड लावून दिला. तो त्याने कॅलेंडरवर लिहून ठेवलाय.