दख्खनी मेंढ्यांचा लहान कळप बसवताना: माझा अनुभव

दख्खनी मेंढी काटक खरी, पण तिचा काटकपणा उन्हात, कमी चाऱ्यावर आणि चालण्यात दिसतो. ओल्या, कोंदट शेडमध्ये तो कामाला येत नाही. म्हणून दहा मेंढ्या आणि एक नर यांच्यासाठी मी आधी उंच, निचऱ्याची जागा धरली, मेंढीमागे दहा चौरस फूट. पावसाळा सोडला की शेतातच वाघुरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात बसवतो. शेताला लेंडीखतही मिळतं.

खरेदी ओळखीच्या धनगराच्या वाड्यावरून करतो. बाजारात चार गावची जनावरं एकत्र येतात, पीपीआर हा शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा विषाणूरोग तिथूनच घरी येतो. दोनदाती किंवा चारदाती, म्हणजे दोन किंवा चार पक्के दात आलेली तरुण मेंढी बघायची. कास दाबून गाठ लागली तर सोडून द्यायची, भाव कितीही उतरला तरी. खालची पापणी उलटून पाहावी: पांढुरकी असेल किंवा जबड्याखाली पाणी उतरलं असेल, तर बहुधा जंतांनी रक्त ओढलेलं असतं.

नवी जनावरं तीन आठवडे वेगळी. पीपीआरची लस एकदा दिली की साधारण तीन वर्षं पुरते. आंत्रविषाराची (आतड्यातल्या जिवाणूंच्या विषाने होणारा रोग) मात्र दरवर्षी पावसाळ्याआधी, आणि पहिल्यांदाच असेल तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा.

खरा घात भरड्याने, म्हणजे जाडसर दळलेल्या धान्याने होतो. चरून वाढलेल्या मेंढीपुढे एकदम मका टाकला की पोटात आम्ल वाढतं, नाहीतर आंत्रविषार उसळतो, आणि कळपातलं सगळ्यात तगडं कोकरूच आधी जातं. मी मेंढीमागे रोज 50 ग्रॅमपासून सुरू करून दहा-बारा दिवसांत 200 ग्रॅमवर नेतो. गाईचं खनिज मिश्रण मेंढीला नकोच. त्यातलं तांबं यकृतात साठतं आणि एके दिवशी लघवी लाल होते. तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

नर आषाढात सोडतो, त्याआधी दोन-तीन आठवडे मेंढ्यांना भरडा. गाभणकाळ पाच महिन्यांचा, म्हणजे कोकरं मार्गशीर्षात, चिखल सरल्यावर. नाळेला टिंक्चर आयोडीन आणि तासाभरात चीक, एवढं झालं तर बाकी मेंढी बघते.

दख्खनी बहुधा एकच कोकरू देते. जुळी हवी तर फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेची सुवर्णा आहे. तिच्यातलं जुळ्यांचं जनुक सुंदरबनच्या गरोल मेंढीचं. पण दोघांना दूध पुरवायचं तर विण्याआधीच्या दीड महिन्यात खुराक वाढवावा लागतो. तेवढी वैरण नसेल तर एकच कोकरू परवडतं.