दहा मार्कांसाठी गेलो होतो

खरं सांगायचं तर एनएसएसला (राष्ट्रीय सेवा योजनेला) नाव दिलं ते निव्वळ दहा मार्कांसाठी. दोन वर्षांत 240 तास आणि एक सात दिवसांचा कॅम्प, म्हटलं काढू कसेतरी. 1969 पासून चालू आहे ही योजना, आमच्या कॉलेजात मात्र तिची ओळख म्हणजे झाडू आणि फोटो.

कॅम्प पुरंदर तालुक्यात, डिसेंबरची थंडी, शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून झोपायचं आणि सकाळी सलग समतल चर, म्हणजे पावसाचं पाणी अडवायला उतारावर एकाच उंचीने जाणारे चर, खणायला डोंगरावर. तिथे एका काकांनी बांबूची ए-फ्रेम हातात दिली, दोन पाय, आडवी पट्टी आणि दोरीला बांधलेला दगड, बस्स! दोरी मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका लेव्हलला, तिथे चुना टाकायचा आणि पुढे सरकायचं. सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला होतो मी, सर्व्हेइंगमध्ये काठावर पास, आणि कंटूर, म्हणजे समान उंचीची रेषा, काय असते हे मला त्या दगडाने शिकवलं.

मग उन्हाळ्यात पाणलोटाचं काम करणाऱ्या एका संस्थेत इंटर्नशिप. स्टायपेंड शून्य, एसटीचं तिकीट पण स्वतःचं (हे मला आजही पटत नाही, म्हणजे ज्याच्या घरी पैसे आहेत त्यालाच समाजसेवा परवडणार). दोन महिने विहिरींच्या पातळ्या मोजायच्या नि एक्सेलमध्ये भरायच्या. प्रचंड बोअर. पण तोच डेटा नकाशावर टाकायला म्हणून क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर शिकलो, आणि पहिल्या नोकरीच्या इंटरव्ह्यूत पाऊण तास फक्त त्या विहिरींवरच बोलणं झालं.

आई अजून विचारते, बिल्डरकडे कधी लागणार?