बाटलीचा निकाल आणि सिमेंटचा अर्ज

उत्तर नेव्हाडातील एका खाणीत मी धातुतज्ज्ञ होतो, तेव्हा टनाला जेमतेम ०.७ ग्रॅम सोने असलेले खनिज हीप लीचिंगला, म्हणजे खनिजाचा ढीग रचून त्यावर सायनाइडचे द्रावण सोडून सोने विरघळवण्याच्या पद्धतीला, चालेल का, हे तपासण्याचे काम माझ्याकडे आले. नमुने गोळा करणे, खनिज फोडणे आणि बाटली चाचणी हे सारे पंधरवड्यात आटोपले. दळलेले खनिज सायनाइडच्या द्रावणात चार दिवस घोळवल्यावर ७८ टक्के सोने विरघळले आणि तो आकडा वरपर्यंत पोहोचताच काम झाल्याचे सर्वांनी गृहीत धरले.

बाटलीत द्रावण प्रत्येक कणाला चहूबाजूंनी भिडते. ढिगात मात्र त्याला वरून खाली आपल्याच वजनाने झिरपावे लागते. आमच्या खनिजात चिकणमाती बरीच होती, म्हणून उभ्या नळकांड्यातील स्तंभ चाचणीआधी टनाला सुमारे पाच किलो सिमेंट आणि पाणी मिसळून बारीक भुगा मोठ्या खड्यांना चिकटवून घ्यावा, असे मी लिहून दिले. हा उपाय अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्सने १९७० च्या दशकाच्या अखेरीस याच राज्यातील रेनो येथे अभ्यासला होता, तरीही खर्च मंजूर करणाऱ्या कार्यालयाने ‘बाटलीचा निकाल उत्तम असताना सिमेंट कशासाठी?’ असा शेरा मारून माझा अर्ज तीनदा परत पाठवला. अखेर सिमेंटविनाच स्तंभ भरला. अकराव्या दिवशी वर द्रावणाचे तळे साचले आणि खालच्या बादलीत थेंबही पडेनासा झाला. स्तंभ रिकामा केला, तर मातीने वाटा बुजवल्या होत्या आणि मधले खनिज चक्क कोरडे होते. त्याचे छायाचित्र जोडून चौथा अर्ज केला; त्याच्या उत्तराला आणखी सव्वीस दिवस लागले, आणि त्या काळात मी काय बोललो ते येथे लिहिण्याजोगे नाही.

आधीच सांगायला हवे होते ते असे, की द्रावणाचा सामू (पीएच) १०.५ च्या खाली जाऊ देऊ नये, कारण तो ९.३ च्या सुमारास आला की जवळपास निम्मे सायनाइड विषारी हायड्रोजन सायनाइडच्या रूपात जाते. सिमेंटही सामू वाढवते, तेव्हा सामू टिकवायला घालायचा चुना त्या हिशेबाने कमी करावा. मिश्रण भरण्यापूर्वी दोन-तीन दिवस मुरू द्यावे आणि त्यातील चार गोळे पाण्यात बुडवून पाहावेत. ते तेथेच सुटले, तर ढिगातही सुटणार. द्रावण सोडायला आपल्याकडे द्राक्षबागेत असते तशीच ठिबकची नळी चालते.

दुसरा स्तंभ मी भाड्याच्या काँक्रीट मिक्सरमध्ये स्वतः मिश्रण फिरवून भरला. तो नव्वद दिवस न तुंबता चालला आणि ६९ टक्के सोने मिळाले. मंजुरीच्या कागदावर मात्र सिमेंटचा खर्च ‘अनावश्यक, तरी मान्य’ अशा शेऱ्यानिशी नोंदलेला आहे.