मधल्या स्पीकरमधून गायिका गायब: गाडीतल्या सराउंडचा माझा अनुभव

गाडीत सेंटर स्पीकर, म्हणजे डॅशबोर्डच्या मधोमधचा स्पीकर, बसवून घेणार असाल तर दुकानातून निघण्याआधी रेडिओवर बातम्या लावून बघा. गाणी नकोत, बातम्याच. निवेदकाचा आवाज मधल्या स्पीकरमधून येत नसेल तर पैसे देऊ नका आणि गाडी जागची हलवू नका. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर माझी मे महिन्याची सुट्टी पुण्यातल्या त्या दुकानाच्या बाकड्यावर गेली नसती.

गाडी आमची साधी हॅचबॅक. कंपनीचा टचस्क्रीन सेट, चार दारांत चार स्पीकर. आवाज कमी पडतो अशी तक्रार कधीच नव्हती. पण गाडी मी चालवते, उजव्या दारातला स्पीकर माझ्या गुडघ्याशी आणि डावा पार पलीकडे. दोन्हींच्या अंतरात अर्ध्या मीटरचा फरक सहज पडतो. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे उजवीकडचा आवाज माझ्यापर्यंत सुमारे दीड मिलिसेकंद आधी येतो. आणि आपला कान जिथून आवाज आधी आला तीच त्याची जागा धरतो. त्यामुळे गायिका समोर काचेपाशी असायला हवी ती माझ्या दारात, आणि शेजारी बसणाऱ्या आईला ती तिच्या दारात. काही सेटमध्ये जवळच्या स्पीकरला उशीर लावायची सोय असते, टाइम अलाइनमेंट म्हणतात तिला. पण ती एकाच सीटचं भलं करते. माझं सुधारलं की आईचं आणखी बिघडणार. दोघींनाही गाणं समोरून ऐकायचं तर मध्ये स्पीकर हवाच.

मावसभावाची एक्सयूव्ही ७०० आहे, वरचं मॉडेल, सोनीचे बारा स्पीकरवालं. त्यात बसून आले आणि मग मला राहवेना.

स्पीकर निवडणं, जागा ठरवणं यात काहीच अडलं नाही. साडेतीन इंची घेतला, डॅशबोर्डच्या मधल्या खणात बसला. कंपनीच्या वायरी कापू न देता कपलर, म्हणजे मध्ये खोचायचा जोड, लावून घेतला, हे मात्र हट्टाने करा. वॉरंटीचा प्रश्न आला की कापलेली वायर पहिली दाखवली जाते. फिटर म्हणाला, "मॅडम, दोन्ही बाजूंचा आवाज मधल्यात घेतलाय." नवीन सिनेमातली गाणी लावली, मधला वाजत होता, मी खूश होऊन घरी आले.

संध्याकाळी आईने तिची जुनी नाट्यगीतं लावली. मधला स्पीकर एकदम गप्प.

दुसऱ्या दिवशी दुकानात. मालकांनी त्यांचं नेहमीचं धडधडीत गाणं लावलं, मधला वाजला. "वाजतोय की!" मी आईचं गाणं लावलं, मधला बंद. "जुनं रेकॉर्डिंग आहे मॅडम, त्यात दमच नसतो." मग रेडिओ लावला. निवेदिका दारांतून स्वच्छ बोलत होती आणि मधल्यातून नुसती खरखर. त्यावर स्पीकर फाटलाय असं ठरलं. नवा बसवला, त्याचे पैसे वेगळे. तरी तेच. मग सेट कमजोर आहे, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवा. तिथे सांगितलं, बाहेरच्या फिटिंगला आम्ही हात लावत नाही. परत दुकानात आले तर "आज मेन फिटर सुट्टीवर आहे, उद्या या." उद्या गेले की गाडी रांगेत. मी तासन्‌तास तिथे बसले, आणि प्रत्येक वेळी मला शांत करायला तेच एक धडधडीत गाणं वाजवून दाखवायचे. ज्या गाण्यात दोष दिसत नाही तेच गाणं पुन्हा पुन्हा लावून दोष नाही म्हणायचं, याचा मला आजही संताप येतो.

शेवटी मी गाडीतच बसून राहिले आणि दारांचे स्पीकर हाताने उशी दाबून बंद केल्यासारखे करत मधल्याच्या जाळीला कान लावला. नवीन गाणं होतं. डावीकडची गिटार ऐकू येत होती, कोरस येत होता, गायिकेच्या आवाजामागचा घुमारासुद्धा येत होता, पण खुद्द गायिका नव्हती! तिचा पडसाद होता आणि ती नव्हती. तिथे मला उलगडलं. मी शाळेत गणित शिकवते, वजाबाकी ओळखायला मला वेळ लागत नाही.

फिटरला डॅश उघडायला लावलं. मधल्या स्पीकरच्या प्लसला कपलरची पांढरी वायर, म्हणजे डाव्याचा प्लस. आणि मायनसला राखाडी, म्हणजे उजव्याचा प्लस. दोन्ही बाजूंचा आवाज "घेतला" होता तो असा. पण स्पीकरचा कागद हलतो तो त्याच्या दोन टोकांतल्या फरकावर. एका टोकाला डावा आणि दुसऱ्याला उजवा दिला की उरते ती डावा वजा उजवा. गायकाचा आवाज दोन्ही बाजूंना सारखाच भरलेला असतो, तो कटून शून्य होतो. आईची नाट्यगीतं मोनो, दोन्ही बाजू अगदी एकच, म्हणून तिथे स्पीकर पूर्ण मुका. बातम्यांत माणूस एकच बोलतो, तोही कटला, आणि एफएम स्टिरिओतली खरखर मुख्यतः या फरकाच्या सिग्नलवरच बसलेली असते, म्हणून तेवढी शिल्लक राहिली. स्पीकर पहिलाही चांगला होता आणि दुसराही.

फिटर मुलगा हुशार, त्याला लगेच पटलं. त्याची अडचणही खरी होती. गाडीच्या सेटमध्ये स्पीकरचा मायनस हा बॉडीचा मायनस नसतो, दोन्ही टोकांना चालू आउटपुट असतं. मायनस बॉडीला टेकला की सेट बंद पडतो, नशीब खराब असेल तर जळतो. त्यामुळे नुसत्या वायरी जोडून बेरीज करताच येत नाही. मालक मात्र "सगळे असंच लावतात" यावरच अडून बसले. दुसऱ्या स्पीकरचे पैसे मला मिळाले नाहीत.

बेरीज करायची तर मध्ये काहीतरी लागतं. बहुतेक टू-चॅनेल अँप्लिफायर ब्रिज करून, म्हणजे दोन्ही चॅनेल मिळून एकाच स्पीकरला, लावले की डावा अधिक उजवा देतात, तो स्वस्त रस्ता. मी डीएसपीवाला, म्हणजे आवाजाची बेरीज-वजाबाकी, उशीर वगैरे डिजिटल पद्धतीने करणारा अँप्लिफायर घेतला, दुसऱ्या दुकानातून. घेताना एवढंच विचारा की स्पीकरच्या वायरीवरून इनपुट घेतो का, कारण कंपनीच्या सेटला आरसीए, म्हणजे अँप्लिफायरला सिग्नल द्यायची वेगळी सॉकेट, नसतात, आणि त्याच्या मिक्सरमध्ये एका बाजूचा फेज उलटा, म्हणजे प्लसचा मायनस, करता येतो का.

हा फेज उलटा कशाला, तर सराउंडसाठी, म्हणजे आवाजाने मागूनही वेढावं म्हणून. त्या दुकानाने मधल्याला केलेली जोडणी मागच्या स्पीकरांसाठी मात्र अगदी योग्य आहे! डेव्हिड हॅफलर या अमेरिकन माणसाच्या नावाने ती १९७० च्या दशकापासून ओळखली जाते. डावा वजा उजवा मागे दिला की गायक मागून येत नाही, हॉलचा घुमारा, टाळ्या, कोरस एवढंच मागे जातं. डॉल्बीने १९८७ मध्ये आणलेल्या प्रो लॉजिक या सराउंडच्या पद्धतीतही मागचा चॅनेल अशाच फरकातून काढतात, थोडा उशीर लावून आणि ७ किलोहर्ट्‌झच्या वरचं कापून. मी मागे १५ मिलिसेकंद उशीर आणि तेच ७ किलोहर्ट्‌झ ठेवलंय. सेटच्या वायरींवर थेट ही जोडणी करू नका, चार ओहमचे स्पीकर जास्तीचे लटकवले की सेटवर ताण येतो. डीएसपीतून करा.

मधल्याला २०० हर्ट्‌झच्या खालचं, म्हणजे जाड आवाजाचं, काही पाठवू नका, साडेतीन इंचीला ते झेपत नाही. आणि त्याचा आवाज दारांपेक्षा तीन-चार डेसिबल कमी ठेवा. मोठा केला की सगळं गाणं मधे गोळा होतं आणि रुंदी जाते. मी पहिले काही दिवस हौसेने मोठाच ठेवला होता, आईनेच सांगितलं, "तबला कुठे गेला?"

प्लस-मायनस तपासायला पेन्सिल सेल पुरतो. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला क्षणभर टेकवायचा, कागद बाहेर आला तर जोडणी बरोबर. माझा सेल दारांच्या चारही स्पीकरवर फिरला, डावा मागचा उलटा निघाला. तापकीर गल्लीत मिळणारा साधा मल्टिमीटरही जवळ ठेवा.

अँप्लिफायरची पॉवर केबल थेट बॅटरीवरून आणायची आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत. ती केबल गाडीच्या एका बाजूने, सिग्नलच्या वायरी दुसऱ्या बाजूने. एकत्र नेल्या किंवा अर्थिंग रंगावरच घट्ट केलं की ॲक्सिलरेटर दाबल्यावर स्पीकरमधून कुंईऽऽ असा आवाज चढत जातो. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर अर्थ घ्यायला लावा, उभं राहून बघा.

आणि डॅश उघडण्याआधी बॅटरीचा मायनस काढून ठेवायला सांगा. पिवळ्या कव्हरच्या वायरी दिसल्या तर त्या एअरबॅगच्या, त्यांना हात नाही. शेजारच्या सीटसमोर एअरबॅग जिथून उघडते त्या भागावर स्पीकर ठेवा म्हणणारा फिटर भेटला तर दुसरं दुकान गाठा.