सातारा–पसरणी–महाबळेश्वर–केळघर : जुन्या गाडीचं कूलिंग तपासायची फेरी

"घाटात गाडी तापते" या एका वाक्यावर जुन्या गाड्यांचे निम्मे सुटे भाग विनाकारण बदलले जातात. आधी रेडिएटरची कॅप, मग थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारा वॉल्व्ह), मग पाण्याचा पंप, आणि गाडी तापायची ती तापतेच. तापमानाचा काटा रस्त्यावर नेमका कुठे वर जातो आणि कुठे खाली येतो, हे नीट पाहिलं तर बिघाड बहुतेक वेळा गॅरेजला जाण्याआधीच कळतो. त्यासाठी साताऱ्याहून पाचवड, वाई, पसरणी घाट, पाचगणी, महाबळेश्वर आणि परतीला केळघर घाटातून मेढा हा सव्वाशे किलोमीटरच्या आतला फेरा फार सोयीचा आहे. हायवे, बाजारपेठ, लांब चढ, सपाटी आणि लांब उतार असं सगळं एकापाठोपाठ मिळतं.

या फेरीतली गाडी कार्बोरेटरची मारुती ८००. इलेक्ट्रिक पंखा, तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर, एसी नाही. पण तपासणीचा क्रम पद्मिनी किंवा अॅम्बेसेडरलाही तोच लागू पडतो, फक्त त्यांचा पंखा पट्ट्यावर फिरतो हे लक्षात ठेवायचं.

निघण्याआधी, रात्रभर गार झालेल्या इंजिनवर चार गोष्टी पाहा. रेडिएटरचा वरचा होज पाइप चपटा होऊन आत ओढला गेला असेल तर कॅपमधला छोटा व्हॅक्यूम वॉल्व्ह गेला आहे. गार होताना पाणी रेडिएटरला जोडलेल्या बाटलीतून परत यायला हवं होतं, ते आलं नाही. कॅपवर दाबाचा आकडा, ०.९ किंवा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असेल तो, छापलेला हवा. मिळाली ती कॅप लावू नका. ०.९ च्या दाबामुळे पाणी वीसेक अंश उशिरा उकळतं. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास असल्यामुळे तिथे उघडं पाणी ९५ अंशांनाच उकळतं, म्हणजे घाटात सैल कॅपची शिक्षा दुप्पट.

मग फॅन बेल्ट, म्हणजे पाण्याचा पंप आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर फिरवणारा पट्टा. दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने जोरात दाबल्यावर ८ ते १० मिमी दबावा. त्यानंतर कॅप उघडी ठेवून गार इंजिन सुरू करा. सुरुवातीला एकदोन बुडबुडे येतात, ते चालतं. पण ते थांबतच नसतील आणि अॅक्सिलरेटर दिला की वाढत असतील, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात येतोय, हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) गेलं. अशी गाडी घाटात नेऊच नका. कॅप लावून सुरू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांत, इंजिन अजून कोमट असताना, होज दगडासारखा कडक होतो तेही याच दुखण्याचं लक्षण. या गाडीत बुडबुडे नव्हते.

पोवई नाक्यावरून लिंब खिंडीकडे जाताना लक्ष फक्त काट्यावर. काटा हळूहळू मध्याच्या जवळ येऊन स्थिरावला की थर्मोस्टॅट वेळेवर उघडतोय. आनेवाडीचा टोल ओलांडला तरी काटा तळाशीच असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, किंवा कोणीतरी तो काढून टाकलाय. हे काढून टाकणं आपल्याकडे सर्रास चालतं आणि ते चुकीचं आहे. इंजिन सतत गार राहिलं की पेट्रोल जास्त जातं, ते ऑइलमध्ये उतरतं आणि पिस्टनच्या रिंगा झिजतात. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट नसला की बायपासची वाट उघडीच राहते आणि पाणी रेडिएटरला वगळून फिरतं, म्हणजे गाडी उलट जास्त तापते. शंका असेल तर थर्मोस्टॅट काढून पातेल्यात पाणी आणि थर्मामीटर ठेवून तापवा. ८२ अंशांच्या आसपास तोंड उघडू लागायला हवं. साताऱ्याच्या उंचीवर पाणी ९७-९८ अंशांना उकळतं, तोवर ते चांगलंच उघडलेलं दिसतं.

हायवेवर ताशी ७०-८० च्या वेगाने वारा भरपूर मिळतो, तिथे पंख्याचं काम पडत नाही. तरीही काटा वर सरकत असेल तर पंख्याला दोष देऊ नका. कोअर (रेडिएटरच्या आतल्या नळ्या) तुंबलाय, पंपाचं पातं झिजलंय, किंवा खालचा होज नरम होऊन पंपाच्या ओढीने आत चिकटतोय. हा शेवटचा दोष फसवा असतो, कारण गाडी थांबवून बॉनेट उघडेपर्यंत होज पुन्हा गोल झालेला असतो. बॉनेट उघडं ठेवून कोणालातरी अॅक्सिलरेटर द्यायला सांगा, तेव्हा दिसतो. काटा वर जाताना बॅटरीचा दिवाही लागला तर बेल्ट तुटलाय, तिथेच थांबा. या गाडीचा काटा पाचवडपर्यंत मध्यावरून हलला नाही.

वाईच्या बाजारात उलटी परीक्षा होते. इंजिन चालू, गाडी उभी, वारा शून्य. पंखा सुरू व्हावा, काटा थोडा उतरावा, पंखा बंद व्हावा. काटा उभ्या गाडीत चढत असेल आणि गाडी चालू लागल्यावर उतरत असेल तर दोष पंख्याच्या बाजूला. रेडिएटरवरच्या फॅन स्विचचा कनेक्टर काढून त्याच्या दोन वायरी जोडा, एकच वायर असेल तर ती बॉडीला टेकवा. पंखा फिरला तर स्विच खराब. फिरला नाही तर क्रमाने फ्यूज, रिले, मोटर पाहा. इग्निशन चालू असताना पंखा कधीही सुरू होतो, हात लांब. या गाडीत पंखा चालू झाला, पण बंद व्हायला फार वेळ लागला. पहिली खूण इथे मिळाली.

पसरणी गावापासून पाचगणीपर्यंत दहाबारा किलोमीटरमध्ये गाडी साडेपाचशे-सहाशे मीटर चढते. दुसरा गिअर, वेग कमी, इंजिनवर पूर्ण भार. कूलिंगमध्ये जी थोडीशी तूट असते ती इथेच उघडी पडते. अर्ध्या घाटात काटा पाऊण भागापर्यंत गेला. हीटर पूर्ण गरमवर लावला तर गरम वारा आला, म्हणजे पाणी फिरतंय आणि पंप काम करतोय. हीटरमधून गार वारा येत असताना काटा चढत असेल तर पाणी कमी आहे किंवा हवा अडकली आहे. काटा एकदम खाली पडला आणि हीटरही गार झाला तर आनंद मानू नका. पाणी संपलंय, सेन्सर कोरडा पडलाय, इंजिन ताबडतोब बंद करा.

रुंद जागा पाहून, वळणावर नव्हे, गाडी लावली, चाकामागे दगड ठेवला आणि न्यूट्रलमध्ये इंजिन जरा वाढवून इन्फ्रारेड थर्मामीटर लावला. चकचकीत धातूवर हे यंत्र खोटा आकडा देतं. रबरी होजवर किंवा काळ्या टेपच्या तुकड्यावर धरा. वरचा होज ९८ अंश, खालचा ६२. रेडिएटरच्या जाळीवर एका बाजूचा पट्टा बाकीच्यापेक्षा स्पष्ट गार.

याचा अर्थ समजून घेण्यासारखा आहे. दोन्ही होज जवळजवळ सारखेच गरम असतील तर पाणी भरपूर वाहतंय पण वारा लागत नाही. जाळीत चिखल, किडे, वाकलेल्या फिन (जाळीच्या पातळ पट्ट्या) किंवा मंद पंखा शोधा. फरक तीस अंशांच्या पुढे गेला तर पाणी फार थोडं वाहतंय. जेवढं जातं तेवढं छान गार होतं, पण ते पुरत नाही. हीटर गरम असल्यामुळे पंप निर्दोष ठरला, आणि गार पट्ट्यामुळे बोट कोअरवर गेलं. वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी टाकलं की क्षार नळ्यांत बसतात. हायवेला उरलेल्या नळ्या भागवून नेतात, घाटात नाही.

प्रत्येक घाटातलं तापणं मात्र कोअरचं नसतं. कूलिंग ठीक असून फक्त चढावर तापत असेल तर इग्निशन टायमिंग मागे गेलंय का (ठिणगी उशिरा पडतेय का), कार्बोरेटरचं मिश्रण पातळ झालंय का (हवा जास्त, पेट्रोल कमी), क्लच घसरतोय का हे पाहा. एखाद्या चाकाची रिम इतरांपेक्षा फार गरम असेल तर ब्रेक चिकटतोय.

काटा लाल पट्टीला लागला तर एसी बंद, हीटर आणि ब्लोअर पूर्ण, काचा खाली. तरी उतरला नाही तर थांबा. कॅपला किमान ४५ मिनिटं हात लावू नका. मग जाड फडक्याने पहिल्या खाचेपर्यंत फिरवून दाब सोडा. झऱ्याचं गार पाणी तापलेल्या इंजिनमध्ये ओतलं तर अॅल्युमिनियमचं हेड वाकतं. इंजिन सुरू ठेवून, कोमट पाणी, थोडंथोडं. गाडीत ५ लिटर पाणी, १ लिटर कूलंट, बेल्ट, वरचा होज, दोन क्लिपा, कॅप, फ्यूज, वायरचा तुकडा आणि स्क्रू ड्रायव्हर असावेत.

पाचगणीच्या सपाटीला काटा मध्यावर आला. शनिवार-रविवारी वेण्णा तलावाजवळ गाड्या तासन्‌तास सरकत नाहीत, म्हणून संशयित गाडी आठवड्याच्या मधल्या दिवशीच न्या. चढ संपल्यावर लगेच इंजिन बंद करू नका, दोन मिनिटं चालू ठेवा. बंद केल्यावर काटा थोडा वर जातोच, तो दोष नाही. केळघर घाटात इंजिन ब्रेकवर काटा मध्याच्या किंचित खाली राहिला, तळाला गेला नाही, म्हणजे थर्मोस्टॅट पुन्हा पास. पावसाळ्यात या घाटात दरडी येतात, तेव्हा परतीला पसरणीच घ्या.

साताऱ्यात रेडिएटर उतरवून टाक्या उघडल्या आणि नळ्यांतून सळई फिरवून साफ केल्या. तांब्या-पितळेच्या रेडिएटरला हे जमतं. प्लास्टिक टाकीच्या अॅल्युमिनियमचा तुंबला तर बदललेलाच बरा. इथे पाणी गोठत नाही, तरी गंजापासून वाचवायला कूलंट हवंच. ३०-४० टक्के कूलंट आणि बाकी डिस्टिल्ड वॉटर पुरतं. लहान गाडीला एकूण साडेतीन-चार लिटर लागतं. आयता मिसळलेला कॅन असेल तर त्यात पाणी घालू नका. भरताना गाडीचं तोंड चढाकडे, हीटर गरमवर, कॅप उघडी. वरचा होज गरम होईपर्यंत, १५-२० मिनिटं, इंजिन चालू ठेवून पातळी खाली जाईल तसं भरत राहा. काढलेलं कूलंट गोडसर आणि विषारी असतं, कुत्री-गुरं ते चाटतात. ओढ्यात किंवा गटारात न ओतता कॅनमध्ये बंद करून गॅरेजला द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनवर बाटलीतली पातळी खुणेवर हवी. ती वाढलेली आणि रेडिएटर थोडा रिकामा असेल तर कॅप बदला किंवा बाटलीची नळी तडकलीय का बघा. दोन्हीकडे कमी असेल तर पंपाखालच्या छोट्या भोकाजवळ पांढरा-हिरवा डाग शोधा, तो दिसला तर पंप गळतोय.