तलवारीची मूठ, १७९६चे पाते: नोंद तिसरी

दुसऱ्या नोंदीत अडलेला प्रश्न: पाते खरोखर ब्रिटिश लाइट कॅव्हलरीच्या (हलक्या घोडदळाच्या) १७९६ पॅटर्नचे, म्हणजे त्या सालच्या ठरलेल्या नमुन्याचे, की त्याची इथली नक्कल? मूठ अस्सल हिंदुस्थानी, वर गोल तबकडी, चांदीच्या कोफ्तगरीचे (लोखंडावर ठोकून बसवलेल्या चांदीच्या नक्षीचे) उरलेसुरले तुकडे. पाते रुंद, एकाच पन्हळीचे (लांबीभर कोरलेल्या खोबणीचे), टोकाकडे जास्तच पसरट. बाहेर दिसणारी लांबी ३२ इंच. मूळ पाते साधारण ३३चे, म्हणजे उरलेले मुठीत बुडालेले असणार. मूठ हलतही होती, तेव्हा काढणे भागच.

अशी मूठ लाखेवर बसवलेली असते आणि लाख ८० अंशांच्या आसपास मऊ पडते. तेवढ्यासाठी बर्नर लावला तर चांदी सुटते, वर पात्याचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतो. म्हणून मुठीखाली चार बोटे सोडून पात्याला ओले फडके गुंडाळले, हॉट एअर गन कमीवर ठेवली आणि मूठ फिरवत १२ मिनिटे शेकली. परजेला, म्हणजे मुठीच्या आडव्या दांडीला, लाकडी ठोकळा लावून हलके ठोके दिल्यावर ती सरळ निघाली. पिरगाळायची नाही; आतली शेपटी (पात्याचा मुठीत जाणारा निमुळता भाग) गंजलेली असली तर तुटते.

आत उत्तर मिळाले: पाते ब्रिटिशच. शेपटी करवतीने कापून आखूड केलेली. मूळ ब्रिटिश मुठीत ती आरपार जाऊन वर ठोकून बसवलेली असते. खांद्यापाशी ब्रिटिश लष्करी तपासनिसाचा शिक्का: मुकुट, खाली आकडा. मुठीत झाकलेला राहिल्यामुळेच वाचला. पाठीवर कारखान्याचे नाव मात्र घासून गेलेले. ऑसबर्न, गिल किंवा वूली, या इंग्रज कारखानदारांपैकी कुणीही असू शकेल.

गंजासाठी शिलाई मशिनचे तेल लावून दोन दिवस ठेवले आणि पितळी पट्टीने खरवडले. पितळ पोलादापेक्षा मऊ, ओरखडा पडत नाही. पॉलिशपेपर बंद. पाठीवर एका जागी व्हिनेगर लावून पाहिले, ते चुकलेच: दहा मिनिटांत गंजाबरोबर चांगले पोलादही खाल्ले, राखाडी डाग राहिला. शिक्क्याजवळ केले असते तर शिक्काच गेला असता.

भरणासाठी बोहरी आळीतून चपडा लाख ६० ग्रॅम, त्यात विटेची वस्त्रगाळ भुकटी ३० ग्रॅम. पहिला घाणा थेट गॅसवर ठेवला आणि वाया गेला. लाख जास्त वेळ तापली की फेसाळते, रबरासारखी होते, पुन्हा वितळत नाही. दुसरा घाणा तव्यावर वाळू पसरून, त्यात वाटी ठेवून केला. शेपटीही गरम करून घ्यावी लागते. थंड लोखंडाला लाख नीट धरत नाही आणि महिन्याभरात मूठ पुन्हा खुळखुळते. पोकळी दोन तृतीयांश भरून पाते दाबले, पाठीवरून एक डोळा मिटून रेघ पाहिली. सरळ करायला जेमतेम अर्धा मिनिट मिळतो.

जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी दिसणारी प्रत्येक तलवार 'शिवकालीन' असते, त्यामुळे हेही लिहून ठेवतो: खडकीच्या लढाईच्या वेळी, १८१७मध्ये, हाच पॅटर्न चालू होता. एवढ्यावरून ही तलवार तिथली ठरत नाही. वस्तू शंभर वर्षांपुढची, म्हणजे १९७२च्या पुरावस्तू कायद्याखालची. खासगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही.

राहिलेले काम: मुठीवर मेणाचा पातळ हात. चांदीवर गंज काढणारे कुठलेही द्रावण नाही, खालचे लोखंड खाल्ले की पत्रा उडतो. पुण्याच्या पावसाळ्यात पाते कातडी म्यानात ठेवायचे नाही, कातडे ओल धरते. निळी सिलिका जेल गुलाबी झाली की बदलायची.