आरएसव्ही: जी जनुक वाचून थांबू नका

पंचगंगेला पाणी चढायला लागलं की छातीत घरघर करणारी, पोट उडणारी तान्ही बाळं कोल्हापूरच्या दवाखान्यांत दिसू लागतात. बऱ्याचदा कारण आरएसव्ही, म्हणजे श्वसनमार्गात शिरणारा एक विषाणू. पण अहवालात नुसतं ‘पॉझिटिव्ह’ असेल, तर विषाणूचा कोणता प्रकार फिरतोय ते कळत नाही.

याचा आरएनए सुमारे 15,200 अक्षरांचा, जनुकं दहा, उपगट दोन: ए आणि बी. सगळ्यात जास्त फरक जी जनुकात; जी आणि एफ ही विषाणूच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांची जनुकं. दोन्ही उपगटांचं जी प्रथिन जेमतेम 53 टक्के जुळतं, एफ मात्र 90 टक्क्यांच्या आसपास. म्हणून प्रकार ओळखायला जी वाचायची पद्धत पडली. 1999 साली ब्युनोस आयर्सच्या नमुन्यांत बी उपगटात या जनुकाचा 60 अक्षरांचा तुकडा दुबार झालेला मिळाला. 2010 मध्ये ओंटारिओत ए उपगटात 72 अक्षरांचा. जनुकातली अक्षरं तीन-तीनच्या गटांनी (कोडॉन) वाचली जातात आणि दोन्ही आकड्यांना तिनाने भाग जातो, त्यामुळे वाचनचौकट मोडली नाही, प्रथिन फक्त लांबलं. पुढे हे दोन्ही प्रकार जगभर पसरले. संगणकावर वेगवेगळ्या नमुन्यांच्या अक्षरक्रमांची जुळणी करताना कोडॉन धरूनच करा. अक्षरं धरून केली की मोकळी जागा भलतीकडे सरकते आणि नसलेले बदल दिसायला लागतात.

पण बाळांना दिली जाणारी प्रतिपिंडं एफला चिकटतात, जीला नाही. सुप्टाव्हुमॅब या प्रतिपिंडाचं उदाहरण कायम लक्षात ठेवावं असं आहे. बी उपगटाच्या एफमध्ये 172 आणि 173 या अमिनो आम्लांच्या दोन जागा बदलल्या होत्या, तेवढ्यानं ते औषध त्या विषाणूवर निकामी ठरलं. जी कितीही नीट वाचला असता तरी हे दिसलं नसतं. निर्सेव्हिमॅब हे असंच एक प्रतिपिंड एफच्या दुसऱ्या भागाला धरतं, तेव्हा एफ पूर्ण वाचायलाच हवा.

नमुना आजाराच्या पहिल्या तीन-चार दिवसांत घ्या, नायलॉनच्या फ्लॉक्ड स्वॅबने (टोकाला आखूड तंतू असलेल्या काडीने). लाकडी काडी किंवा कॅल्शियम अल्जिनेटचा बोळा पीसीआर (जनुकाच्या प्रती वाढवून ओळखण्याची चाचणी) अडवतो. 3 मिली व्हीटीएममध्ये (विषाणू टिकवणारा द्रव) ठेवून 2 ते 8 अंशांवर 72 तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवा. नमुना जातो ते पुणे कोल्हापूरहून 230 किलोमीटर, एरवी अडचण नाही. पण 2019 आणि 2021 सारखा शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला तर तास मोजत बसू नका. नमुन्याचे दोन-तीन भाग करून उणे 70 ला ठेवा आणि रस्ता सुरू झाला की कोरड्या बर्फात पाठवा. उणे 20 चा फ्रीजर इथं कामाचा नाही. त्यात लाइट गेली-आली की नमुना वितळून पुन्हा गोठतो, आणि हा विषाणू तसाही नाजूक.

सीटी (पीसीआरमध्ये विषाणू दिसेपर्यंत लागलेली आवर्तनं; आकडा जास्त तर विषाणू कमी) 30 च्या वर असेल तर पूर्ण जिनोममध्ये भोकं पडणारच. ए चे नमुने नीट वाचले जातात आणि बी चे त्याच तुकड्यावर पुन्हा पुन्हा कोरे येतात, असं झालं तर नमुन्याला दोष देण्याआधी प्रायमर (पीसीआर जिथून सुरू होतो ते छोटे तुकडे) तपासा. कोऱ्या जागी ‘एन’च (अक्षर माहीत नाही याची खूण) लिहा. तिथं संदर्भ जिनोमची (तुलनेसाठी धरलेल्या विषाणूची) अक्षरं भरली, तर 172-173 चा बदल नमुन्यात असूनही अहवालात येणार नाही.